अमेरिकेतल्या कम्युनिस्ट-भीतीवरचं दोन दिवसांचं शिबिर, अंबाजोगाई : लेकरं पाठवावीत का?

नववी ते बारावीच्या लेकरांसाठी अंबाजोगाईत जे इतिहासाचं शिबिर होतं (शनिवार सकाळ ते रविवार संध्याकाळ, फी जेवणासकट साडेतीनशे) त्याबद्दल बऱ्याच सरांनी आणि पालकांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो, पाठवा. दोन गोष्टी मला खटकल्या, त्यापैकी एक चांगलीच खटकली, ती पुढं लिहिलीय, पण तरी पाठवा.

विषय असा की दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत कम्युनिस्टांच्या नावानं जी भीती पसरली आणि त्यात हजारो साध्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या, पासपोर्ट गेले, काहीजण जेलात गेले, ते सगळं. आता परळी-केज-धारूरच्या पोरांना हे कशाला, असं एका पालकानं मला तोंडावर विचारलं. नीट-सीईटीच्या दिवसात अमेरिकेचं सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं कोण वाचतं. नववीच्या राज्यशास्त्रात शीतयुद्ध येतं, पण दोन महासत्ता, दोन लष्करी गट, नाटो, वॉर्सा करार, एवढंच येतं, पोरं पाठ करतात आणि मार्क मिळवतात. घरात बसलेल्या माणसाला शीतयुद्धानं काय केलं हे त्यात येत नाही. ते या शिबिरात येतं आणि आपल्या लेकरांना ते लई लवकर कळतं, आमच्या अंदाजापेक्षाही लवकर. का ते सांगतो.

शिबिर घेणारे म्हणजे दोन निवृत्त इतिहासाचे सर, एक मॅडम आणि तीन-चार तरुण पोरंपोरी, स्वतःच एमए करणारी. पहिल्या सत्रात भाषण नाही. प्रत्येक लेकराच्या हातात एक कार्ड देतात, मराठीत, आणि त्या कार्डावर त्या काळातला एक खरा माणूस, "मी अमुक, माझं असं असं झालं". कार्ड वाचायचं, आपण तो माणूस आहोत असं धरायचं आणि हॉलभर फिरून दुसऱ्यांना भेटायचं, ज्याची नोकरी गेली तो शोधा, ज्याचा पासपोर्ट काढून घेतला तो शोधा, ज्यानं दुसऱ्याचं नाव सांगितलं तो शोधा, जो उभा राहून नाही म्हणाला तो शोधा. तासाभरात हॉलमध्ये नुसता कल्ला. आमच्याकडची जी लेकरं वर्गात तोंड उघडत नाहीत ती सुद्धा विचारत फिरत होती की तुझं काय झालं, तुला कुणी काढलं.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती डोरोथी बेली या बाईच्या कार्डावर. वॉशिंग्टनमधली सरकारी नोकरदार, कृष्णवर्णीय. १९४७ च्या मार्च महिन्यात राष्ट्राध्यक्ष ट्रूमननं हुकूम क्रमांक ९८३५ काढला की प्रत्येक सरकारी नोकराची निष्ठा तपासायची, आणि त्यात ही बाई सापडली. तिच्यावर कुणीतरी आरोप केला होता. कुणी, ते तिला सांगितलं नाही. तिच्या वकिलाला सांगितलं नाही. ज्या मंडळासमोर सुनावणी झाली त्या मंडळालासुद्धा त्या माणसांची नावं माहीत नव्हती, आणि तरी नोकरी गेली. सुप्रीम कोर्टात १९५१ ला चार विरुद्ध चार अशी समान मतं पडली, म्हणजे खालचा निकाल कायम, नोकरी गेली ती गेलीच. आणि सुनावणीत तिला विचारलेला एक प्रश्न कार्डावर दिलाय. रेडक्रॉस तेव्हा गोऱ्यांचं रक्त आणि काळ्यांचं रक्त वेगवेगळं ठेवायची, त्याविरुद्ध तू पत्र लिहिलं होतंस का? म्हणजे रक्ताला भेद करू नका म्हणणं हाच कम्युनिस्ट असल्याचा संशय. हे वाचल्यावर आमच्या बारावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे पाण्याचा माठ वेगळा का ठेवला असं विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणायचं." तिला कुणी शिकवलं नव्हतं, कार्डात माठाचा उल्लेख नाही. मी इतकी वर्षं शिकवतोय, एवढा नेमका धागा कुठल्या लेकरानं इतक्या पटकन पकडलेला मी कमी वेळा पाहिलाय.

दुसरा धागा नोकरीचा. आपल्याकडं पाऊस नाही तर पीक नाही, कारखान्यात किंवा ऊसतोडीला जायचं नाही तर पोलीस भरती, तलाठी, शिक्षक, काहीतरी सरकारी लागलं पाहिजे, हे प्रत्येक घरात चालतं. आणि आई पोराला सांगते, मोर्चात जाऊ नको, केस पडली तर भरती गेली, चारित्र्य पडताळणीत अडकशील. त्यामुळं अमेरिकेतल्या त्या निष्ठा तपासणीचं लेकरांना वेगळं काही समजावून सांगावंच लागलं नाही. सरांनी फळ्यावर आकडे लिहिले, १९४७ ते १९५६ या काळात पन्नास लाखांच्या वर सरकारी नोकरांची छाननी झाली, अंदाजे २,७०० लोकांना काढलं आणि १२,००० च्या आसपास लोकांनी स्वतःच राजीनामे दिले. मग विचारलं, काढलेल्यांपेक्षा सोडलेले जास्त का? हॉल शांत. मग मागून एकजण म्हणाला, "चौकशी लागली की गावात नाव जातं, त्यापेक्षा आधीच सोडून दिलेलं बरं." अगदी बरोबर. पाठ्यपुस्तकातलं कुठलंच वाक्य त्याला हे सांगत नाही, त्याला हे घरातूनच माहीत होतं.

मला या शिबिराचं सगळ्यात मोठं काम हेच वाटलं. बहुतेक ठिकाणी हा विषय म्हणजे मॅकार्थी नावाचा एक वाईट सिनेटर, तो ओरडला, लोक घाबरले, मग तो पडला, संपलं. इथं तसं नाही. मॅकार्थी ९ फेब्रुवारी १९५० ला वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावात भाषण करतो आणि परराष्ट्र खात्यातल्या २०५ कम्युनिस्टांची यादी आपल्या हातात आहे म्हणतो, मग तोच आकडा ५७ होतो, मग ८१, हे सगळं सांगितलं. पण त्याच्याआधी तीन वर्षं निष्ठेचा हुकूम निघालेला होता, त्याच्याआधी सरकार उलथवा म्हणणं हाच गुन्हा ठरवणारा १९४० चा स्मिथ कायदा होता, संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची अमेरिकाविरोधी कारवायांची समिती १९३८ पासून होती, हेही सांगितलं. म्हणजे यादी करणारा कारकून, फॉर्म छापणारं ऑफिस, कामावरून काढणारा मालक, नाव सांगणारा शेजारी, ही सगळी माणसं आधीपासून कामाला लागलेली होती, मॅकार्थी त्यांच्यात उशिरा आला. १९५४ च्या २ डिसेंबरला सिनेटनं ६७ विरुद्ध २२ मतांनी त्याचा निषेध केला, १९५७ ला तो वारला, पण ज्यांची कामं गेली होती त्यांना ती लगेच परत मिळाली नाहीत. हे लेकरांनी वहीत लिहून घेतलं, मी बघितलं.

एक चूक मात्र आहे, आयोजकांनी दुरुस्त करावी. भिंतीवरच्या एका तक्त्यात हॉलीवूडच्या लेखक-दिग्दर्शकांची १९४७ ची चौकशी मॅकार्थीच्या नावावर टाकलीय. ती चौकशी त्या कनिष्ठ सभागृहाच्या समितीनं केली, मॅकार्थी सिनेटचा, आणि तोपर्यंत तो या भानगडीत नव्हताच. ज्या शिबिराचा सगळा जोर "एकट्या माणसावर ढकलू नका" यावर आहे तिथंच भिंतीवर हे असावं हे बरं नाही. मी तिथं सांगितलंय, पुढच्या वेळी बदलतो म्हणाले.

बाकी कार्डं फार चांगली निवडलीत. पॉल रोबसनचं कार्ड आमच्या एका गाणाऱ्या पोराला आलं, त्याला तर ते सोडवेना. एवढा मोठा गायक, १९५० ला पासपोर्ट काढून घेतला, बाहेर जाता येईना, तर १९५२ ला कॅनडाच्या सीमेवर ट्रकवर उभा राहून पलीकडच्या लोकांसाठी गायला. १९५७ ला लंडनच्या श्रोत्यांना समुद्राखालच्या टेलिफोनच्या तारेवरून गाऊन ऐकवलं. आणि १९५८ ला त्याचा साठावा वाढदिवस भारतात साजरा झाला, नेहरूंनी त्याला पाठिंबा दिला, हे ऐकल्यावर लेकरांना एकदम ते आपलंसं वाटलं. ट्रंबो नावाच्या पटकथा लेखकाचं कार्ड, समितीला उत्तर दिलं नाही म्हणून जेल झाली, बाहेर आल्यावर त्याच्या नावानं कुणी काम देईना, मग खोट्या नावांनी लिहीत राहिला, १९५७ ला ऑस्करच्या समारंभात रॉबर्ट रिच नावाच्या लेखकाला बक्षीस जाहीर झालं आणि असा माणूसच नव्हता, ते ट्रंबोचंच खोटं नाव! शिएन श्युएसेन या चिनी रॉकेट शास्त्रज्ञाचं कार्ड, १९५० ला संशय घेऊन पाच वर्षं नजरेखाली ठेवलं आणि १९५५ ला चीनला जाऊ दिलं, त्यानं तिकडं जाऊन क्षेपणास्त्रांचा कार्यक्रम उभा केला. सायन्सची जी दोन-चार पोरं आली होती ती यावर जेवणाच्या पंगतीतही बोलत होती.

फ्रँक कॅमेनीचं कार्ड ठेवलं याबद्दल आयोजकांचं विशेष कौतुक. हा खगोलशास्त्रज्ञ, सैन्याच्या नकाशा खात्यात कामाला, समलैंगिक म्हणून १९५७ ला काढून टाकला. १९५३ ला सरकारी नोकरांच्या सुरक्षा-तपासणीचा नवा हुकूम निघाला, त्यानंतर अशी कितीतरी माणसं काढली, कारण काय तर कुणी ब्लॅकमेल करेल. मला वाटलं होतं लेकरं फिदीफिदी हसतील. मॅडमनी सरळ, न लाजता, दोन वाक्यांत सांगितलं, ज्याला लपावं लागतं त्याला ब्लॅकमेल करता येतं आणि लपायला कुणी लावलं ते बघा. कुणीही हसलं नाही. २००९ ला सरकारनं त्याची माफी मागितली, तेव्हा तो जिवंत होता, हे कार्डाच्या मागं लिहिलंय.

आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जी शंका आली होती तिचं उत्तर. "हे लोक लेकरांना कम्युनिस्ट करतायत का?" नाही. एका मुलानं उभं राहून विचारलं की सर, पण हेर खरे होते ना? तर सरांनी टाळाटाळ केली नाही. अणुबॉम्बवर काम केलेल्या क्लाउस फुक्स या शास्त्रज्ञानं १९५० ला कबुली दिली की अणुबॉम्बची माहिती रशियाला दिली. ज्युलियस रोझेनबर्ग हेर होता हे १९९५ ला उघड झालेल्या रशियाच्या गुप्त संदेशांवरून स्पष्ट झालं, त्याला आणि बायको एथेलला १९५३ च्या १९ जूनला विजेच्या खुर्चीत मारलं होतं, तिच्या सहभागाबद्दल वाद अजून आहे. आणि स्टालिनच्या रशियात १९३७-३८ या दोनच वर्षांत पावणेसात लाखांच्या वर माणसं राजकीय गुन्ह्याच्या नावाखाली गोळ्या घालून मारली, हा तिथल्याच सरकारी दफ्तरातला आकडा, तोही फळ्यावर लिहिला. मग सर म्हणाले, आता सांगा, फुक्स हेर होता म्हणून डोरोथी बेलीला काढायचं का? दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरायला लेकरांना अर्धा तास दिला, आपसात भांडू दिलं. हा अर्धा तास मला दोन दिवसांतला सगळ्यात भारी वाटला. जो शिक्षक रशियाचं झाकून अमेरिकेचं सांगतो किंवा अमेरिकेचं झाकून रशियाचं सांगतो त्याच्यावर पोरं पुढं कधीच विश्वास ठेवत नाहीत.

आता जे चांगलंच खटकलं ते. शनिवारी दुपारी एक खेळ घेतला. प्रत्येकाला घडी घातलेली चिठ्ठी, काहींवर लाल ठिपका (लाल म्हणजे कम्युनिस्ट), बहुतेक कोऱ्या. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. आपापला गट बनवा, ज्या गटात एकही लाल नाही तो जिंकला, सगळ्यात मोठा गट असेल तर जास्त गुण. खेळ म्हणून जबरदस्त आहे, पाच मिनिटांत लेकरं एकमेकांकडं बघायला लागली, एकमेकांबद्दल कुजबुजायला लागली. पण संशय कुणावर गेला हे बघा. जे गप्प होते त्यांच्यावर. जे दुसऱ्या गावाहून एकटे आले होते त्यांच्यावर. एका मुलीला तर सलग तीन गटांनी घेतलं नाही, तिची चिठ्ठी शेवटी कोरी निघाली. ती कोणत्या वस्तीतली हे सगळ्यांना माहीत होतं. मी इथं एवढंच लिहितो, समजणाऱ्याला समजेल.

हेच तर शिकवायचं होतं ना, की भीती आधीच पडलेल्या भेगांतून चालते? हो. पण मग त्यावर बोलायला पाहिजे होतं, तिथंच, लगेच, भरपूर वेळ घेऊन. आयोजकांनी दहा-पंधरा मिनिटं चर्चा केली आणि चहा. मोठ्या शहरात खेळ संपला की पोरं आपापल्या घरी जातात, आपल्याकडं तीच पोरं एकाच एसटीनं परत जातात, सोमवारी एकाच बाकावर बसतात. येताना गाडीत एका पोराला "लाल्या" म्हणणं सुरू झालं होतं, मी थांबवलं, पण मी सोबत नसतो तर? अमेरिकेतल्या ज्या सिनेटर बाईनं, मार्गारेट चेस स्मिथनं, १ जून १९५० ला स्वतःच्याच पक्षाच्या मॅकार्थीविरुद्ध उभं राहून भाषण केलं, तिचं कार्ड त्याच सकाळी वाटलेलं होतं. खेळानंतर तिला परत आणता आलं असतं, की बाबांनो, तीन गट नाही म्हणत होते तेव्हा तुमच्यातलं कोण म्हणालं की ये आमच्यात, ठिपका असला तरी चालेल? तसं एकानंही म्हटलं नाही. त्यावर एक पूर्ण सत्र पाहिजे. हा खेळ काढू नका, पण खेळाइतका वेळ नंतरच्या बोलण्याला द्या, आणि त्या वेळी सोबत आलेल्या शिक्षकांना आत बसवा, आम्हाला बाहेर चहाला काढून देऊ नका.

दुसरी खटकलेली गोष्ट म्हणजे आपल्याकडचा भाग रविवारी जेवणानंतर, सगळे पेंगत असताना, घाईघाईत उरकला. आणि विषय किती मोठा! मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. १९३८ ला औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातल्या पोरांनी वंदे मातरम् म्हटलं म्हणून वसतिगृहातून आणि कॉलेजातून काढलं, ती ह्याच लेकरांच्या वयाची. ज्या अंबाजोगाईत शिबिर भरलं तिथंच योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिकवत होते, ते निझामाच्या जेलात गेले. मग निझाम गेला. आणि १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती म्हणून ते पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नावानं लढले, रावी नारायण रेड्डी नलगोंड्यातून नेहरूंपेक्षा जास्त मतांनी लोकसभेवर गेले. तेलंगणात त्याआधी कम्युनिस्टांच्या सशस्त्र उठावात खरंच बंदुका चालल्या होत्या, खून झाले होते, हेही तेवढंच सांगायला पाहिजे, जसं रोझेनबर्गचं सांगितलं तसं.

आणि आपल्या राज्यघटनेचं वय वर्षभराचंही नव्हतं तेव्हा सुप्रीम कोर्टात दोन मोठे खटले आले, दोन्ही कम्युनिस्टांशी जोडलेले. १९५० चा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांचा, प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याविरुद्ध (म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवणं), तो ते बहुतांशी हरले. आणि त्याच वर्षी रोमेश थापर यांचा, त्यांच्या साप्ताहिकाला मद्रास सरकारनं आपल्या राज्यात यायला बंदी केली होती, तो ते जिंकले, आणि मग १९५१ ला बोलण्या-लिहिण्यावर जास्त बंधनं घालता येतील अशी पहिली घटनादुरुस्ती आली. त्याच सुमाराला सिनेमाचे गीतकार मजरूह सुलतानपुरी कवितेपायी जेलात. १९५९ च्या ३१ जुलैला केरळातलं निवडून आलेलं नंबुद्रिपादांचं कम्युनिस्ट सरकार बरखास्त. १९७५ ची आणीबाणी तर घराघरात कुणाच्या ना कुणाच्या आजोबांना आठवते, त्यात संघवाले, समाजवादी, मार्क्सवादी सगळेच एका बराकीत होते, आणि हे सगळ्यांनी ऐकावं असं मला फार वाटतं, कारण त्यातून लेकराला कळतं की यादी कुणाचीही होऊ शकते.

यातलं निम्मं तरी कार्डावर आणा. डोरोथी बेलीसारखंच औरंगाबादच्या काढून टाकलेल्या विद्यार्थ्याचं कार्ड असू द्या, गोपालनचं असू द्या. गावोगावी स्वातंत्र्यसैनिकांच्या घरी अजून कागदपत्रं पेट्यांमध्ये पडून आहेत, लेकरांना तीच शोधायला लावा, दिवाळीच्या सुट्टीचं काम म्हणून.

सोयीसुविधा : हॉल हवेशीर, पंखे चालू, लाईट एकदा गेली तर इन्व्हर्टर होता. मुलींची झोपायची सोय वेगळ्या इमारतीत, मॅडम रात्रभर तिथंच, त्यामुळं पालक निश्चिंत. जेवण पिठलं-भाकरी, ठेचा, वरण-भात, पोटभर. टॉयलेट स्वच्छ पण कमी, सकाळी रांग लागते. कार्डांचा संच झेरॉक्सच्या खर्चात विकत मिळतो, मी आणलाय, अक्षर थोडं बारीक आहे, मोठं करून मारून घ्या. ज्यांना शिबिराला जमत नाही त्यांनी निदान हा संच घेऊन वर्गात दोन तासिका कराव्यात, ठिपक्यांचा खेळ मात्र आपल्या वर्गात जात-गावाची गणितं नीट ओळखल्याशिवाय घेऊ नका.

वयाबद्दल : नववीच्या लेकरांना थोडं जड जातं, विशेषतः कोर्टाचे निकाल. अकरावी-बारावीला एकदम योग्य. पुढची बॅच सहामाही परीक्षेनंतर घेतो म्हणालेत, परळी-अंबाजोगाई गाड्या भरपूर आहेत, अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यायचं.